आधुनिक चित्रकलेच्या शैली ओळखायला कुठून सुरुवात करावी?

आधुनिक कलेची ओळख करून घ्यायला बसलं की पहिल्या तासातच डझनभर नावं अंगावर येतात: इम्प्रेशनिझम, क्युबिझम, दादा, सर्रिअलिझम. नावं पाठ होतात, सालंही पाठ होतात, आणि तरी प्रत्यक्ष चित्रासमोर उभं राहिल्यावर नेमकं पाहायचं काय, हे कळत नाही. कारण आपण नावांचा क्रम शिकतो, पण त्या त्या चित्रकारापुढे कोणता पेच होता हे पाहायचं राहून जातं.

साधारण १८६० ते १९७० या काळात चित्रकारांनी चित्रातली एकेक गोष्ट सोडून पाहिली. आधी गुळगुळीत रंगकाम सोडलं, मग वस्तूचा खरा रंग, मग चित्रातली खोली, मग ओळखू येणारी वस्तू, आणि शेवटी तर काहींनी चित्र काढणंच सोडलं. दर वेळी हे सोडणं दुसरं काहीतरी अधिक स्पष्टपणे दाखवता यावं यासाठी होतं. म्हणून कुठल्याही शैलीला दोन प्रश्न विचारायचे: इथे काय सोडलंय, आणि त्याच्या बदल्यात काय मिळालंय? पुढच्या सगळ्या पायऱ्या या दोन प्रश्नांच्या आधाराने चढायच्या आहेत. हाताशी एखादी वही आणि चित्रं मोठी करून पाहता येतील असा पडदा एवढं पुरे.

पायरी १ : एकाच चित्रकाराची तीन झाडं

इतिहासाच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. पीट मोन्द्रियान या डच चित्रकाराची तीन चित्रं शोधा: ‘लाल झाड’ (१९०८–१०), ‘करडं झाड’ (१९११) आणि ‘फुललेलं सफरचंदाचं झाड’ (१९१२). तिन्ही हेगच्या कुन्स्टम्युझियममध्ये आहेत. ती पडद्यावर शेजारी शेजारी ठेवा.

पहिल्या चित्रात झाड झाडासारखंच आहे, फक्त निळ्या पार्श्वभूमीवर फांद्या लालभडक आहेत. म्हणजे खरा रंग गेला, आकार शिल्लक आहे. दुसऱ्यात रंगही गेला. करड्या-काळ्या कमानी उरल्या आणि फांद्यांमधली मोकळी जागा फांद्यांइतकीच जाड, भरीव झाली. झाड पुढे आणि आकाश मागे हा फरक तिथे संपतो. तिसऱ्यात नाव वाचलं नाही तर झाड आहे हे सांगता येणार नाही. वक्र रेषांची एक लय तेवढी उरली आहे. नंतरच्या काळात याच माणसाने काळ्या सरळ रेषा आणि लाल, पिवळा, निळा एवढ्यावर चित्रं केली. ती चित्रं एकटी पाहिली तर फरशीचा नमुना वाटतात. या झाडांनंतर पाहिली की तिथवर पोचायला किती वर्षं आणि किती विचार लागला ते जाणवतं.

प्रत्येक चित्राखाली ‘काय गेलं’ आणि ‘काय उरलं’ हे तुमच्या शब्दांत लिहा. हा सराव झाला की निम्मं काम झालं.

पायरी २ : मोडले गेलेले नियम आणि इम्प्रेशनिझम

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पॅरिसमध्ये चित्रकाराचं भवितव्य ‘सालाँ’ या अधिकृत प्रदर्शनाच्या हातात होतं. तिथल्या परीक्षकांना पुराणातले किंवा इतिहासातले विषय हवे असत, यथार्थदर्शन (जवळचं मोठं, दूरचं लहान दाखवण्याचा हिशेब) चोख हवं असे आणि कुंचल्याचा फटकारा दिसता कामा नये अशी अपेक्षा असे. १८६३ साली इतकी चित्रं नाकारली गेली की ओरड झाली आणि सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावलं. एदुआर मानेचं ‘गवतावरची न्याहारी’ तिथे लागलं आणि मोठा गहजब झाला. ते चित्र आज पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात आहे. त्यातल्या नग्न स्त्रीचीच चर्चा होते, पण तुम्ही मागे पाण्यात उभी असलेली दुसरी स्त्री पाहा. ती जितकी दूर आहे त्या मानाने फारच मोठी काढली आहे. पुढच्या स्त्रीच्या अंगावर उजेड आणि सावली यांच्यामधल्या छटा जवळजवळ नाहीत. चित्र सपाट व्हायला लागलं ते इथे.

या काळात दोन गोष्टी चित्रकाराच्या मदतीला आल्या. १८३९ साली छायाचित्रणाचं तंत्र जाहीर झालं होतं, त्यामुळे हुबेहूब नोंद ठेवण्याचं काम यंत्राकडे जाऊ लागलं. आणि १८४१ साली जॉन गॉफ रँड या चित्रकाराने धातूच्या दाबायच्या नळीचं पेटंट घेतलं, त्यामुळे तैलरंग न वाळता बाहेर नेता येऊ लागले. उघड्यावर बसून, उजेड बदलायच्या आत चित्र पुरं करायचं तर फटकारे मोठे आणि वेगाने पडणारच.

एप्रिल १८७४ मध्ये मोने, रन्वार, देगा, पिसारो, बेर्त मोरिझो आदींनी छायाचित्रकार नादारच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. मोनेच्या चित्राचं नाव ‘इम्प्रेशन, सूर्योदय’ होतं. त्यावरून लुई लरॉय या समीक्षकाने सगळ्यांची खिल्ली उडवली आणि ते नाव चिकटलं. मराठीत त्याला दृक्‌प्रत्ययवाद म्हणतात. ओळखायची सोपी खूण म्हणजे सावल्या. त्या काळ्या किंवा तपकिरी नसतात. निळ्या, जांभळ्या, हिरवट असतात. मोनेच्या गवताच्या गंजींची मालिका (१८९०–९१) घ्या आणि फक्त जमिनीवरची सावली एकामागून एका चित्रात पाहत जा. विषय तोच, गंज तीच, आणि दर वेळी रंग पूर्ण वेगळे. इथे वस्तूचा ठामपणा सोडला आणि त्या घटकेचा उजेड मिळवला.

पायरी ३ : सेझानच्या टेबलावर थांबा

इम्प्रेशनिझमनंतर चार चित्रकार चार दिशांना गेले. लंडनमध्ये १९१० साली प्रदर्शन भरवताना रॉजर फ्राय या इंग्रज समीक्षकाने ‘पोस्ट-इम्प्रेशनिझम’ असं एक सोयीचं नाव वापरलं. त्या नावाखाली एकच शैली शोधू नका, ती सापडणार नाही. झॉर्झ सराने रंग मिसळण्याऐवजी शुद्ध रंगांचे ठिपके शेजारी ठेवले. ‘ग्रांद झात्त बेटावरची रविवार दुपार’ (१८८४–८६) हे त्याचं सुमारे दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद चित्र शिकागोला आहे. व्हॅन गॉगने कुंचल्याच्या फटकाऱ्यात मनाची अवस्था ओतली. ‘तारांकित रात्र’ त्याने जून १८८९ मध्ये सेंट-रेमीच्या मनोरुग्णालयात असताना रंगवलं. गोगँने सपाट, जाड कडांचे रंगपट्टे वापरले.

पण पुढच्या साऱ्या गोष्टीची किल्ली पॉल सेझानकडे आहे, आणि नवख्या माणसाला नेमका तोच नीरस वाटतो. सफरचंदं, टेबल, एक डोंगर, पुन्हा सफरचंदं. म्हणून इथे मुद्दाम वेळ काढा. ‘सफरचंदांची टोपली’ हे १८९३ च्या सुमाराचं चित्र उघडा. तेही शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. टेबलाच्या पुढच्या कडेवर बोट ठेवा आणि डावीकडून उजवीकडे न्या. मध्ये पांढरं कापड येतं. कापडाच्या पलीकडे तीच कड वेगळ्या उंचीवर निघते. बाटली कललेली आहे, आणि ताटलीतली बिस्किटं एकाच वेळी समोरून आणि वरून पाहिल्यासारखी दिसतात.

ही चूक नाही. आपण वस्तू एका जागी खिळून, एक डोळा मिटून पाहत नाही. मान हलते, नजर फिरते. सेझानने एका ठिकाणाहून पाहण्याचा पाचशे वर्षांचा नियम सोडला आणि त्याच्या बदल्यात नजरेचं हे फिरणं चित्रात आणलं, तेही चित्राचा तोल अजिबात ढळू न देता. सेझान १९०६ मध्ये गेला. पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं आणि तरुण चित्रकारांवर त्याचा खोल परिणाम झाला.

पायरी ४ : रंग सुटतो

पॅरिसच्या १९०५ च्या शरद प्रदर्शनात मातीस, दरँ, व्लामँक यांची चित्रं एका खोलीत लागली होती. लुई व्होसेल या समीक्षकाने त्यांना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी पशू, म्हटलं. फोव्हिझमला मराठीत रंगभारवाद असं नाव आहे. त्या साली मातीसने पत्नीचं जे व्यक्तिचित्र केलं त्यात कपाळापासून हनुवटीपर्यंत हिरवा पट्टा उतरतो. बोटभर रुंद कागद धरून तो पट्टा झाका आणि चेहरा पाहा, मग कागद काढा. चेहऱ्याची उजेडाची आणि सावलीची बाजू त्या एका पट्ट्याने वेगळी झालेली दिसेल. छायाप्रकाशाचं काम रंगाने केलं आहे.

जर्मनीत याच वर्षी ड्रेस्डेनला किर्खनर आणि त्याच्या मित्रांनी ‘डी ब्रुक’ हा गट काढला, तर १९११ मध्ये म्युनिकला कँडिन्स्की आणि फ्रान्झ मार्क यांनी ‘ब्लाऊ रायटर’. हे अभिव्यक्तिवादी, म्हणजे दिसतं त्यापेक्षा मनात उसळतं ते रंगवणारे. त्यांच्या आधी नॉर्वेच्या एडवर्ड मुंकने ‘किंकाळी’ (१८९३) रंगवून वाट दाखवली होती. रंगभारवादी आणि अभिव्यक्तिवादी चित्रं दोन्ही भडक असतात, त्यामुळे गोंधळ होतो. माझी कसोटी अशी: चित्र पाहून डोळा सुखावतो की अंग आकसतं? मातीसकडे भडक रंगही एकमेकांना सांभाळून घेतात. किर्खनरच्या बर्लिनच्या रस्त्यांवर रंग आणि टोकदार आकार एकमेकांना बोचतात, माणसं जवळ असून एकटी दिसतात. नात्झी राजवटीने १९३७ मध्ये म्युनिकला ‘अधःपतित कला’ नावाचं प्रदर्शन भरवून या चित्रकारांची जाहीर विटंबना केली. एखाद्या सत्तेला कुंचल्याच्या फटकाऱ्याची एवढी भीती वाटावी, यातच त्या चित्रांची ताकद दिसते.

पायरी ५ : क्युबिझम उलगडून वाचा

क्युबिझम, मराठीत घनवाद, हा सगळ्यात प्रसिद्ध आणि सगळ्यात कमी पाहिला जाणारा प्रकार. बहुतेक जण ‘वस्तूचे तुकडे केलेत’ म्हणून पुढे जातात. तसं करू नका.

पिकासोचं ‘आविन्यॉच्या तरुणी’ (१९०७) हे न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमधलं चित्र आधी पाहा. पाच स्त्रिया, त्यातल्या उजवीकडच्या दोघींचे चेहरे मुखवट्यांसारखे. आफ्रिकी आणि प्राचीन आयबेरियन शिल्पांचा परिणाम इथे स्पष्ट आहे. पार्श्वभूमीचा पडदासुद्धा काचेसारखा टोकदार आहे. त्यानंतर पिकासो आणि झॉर्झ ब्राक यांनी काही वर्षं इतकं एकमेकांच्या जवळ काम केलं की १९११ च्या आसपासची त्यांची चित्रं सही पाहिल्याशिवाय वेगळी करणं कठीण जातं.

आता सराव. पिकासोने १९१० मध्ये केलेलं कानवायलर या चित्रविक्रेत्याचं व्यक्तिचित्र उघडा. पहिल्यांदा करड्या-तपकिरी काचांचा ढीग दिसेल. खाली मध्यभागी पाहा: एकमेकांत गुंफलेले हात. तिथून वर या: घड्याळाची साखळी. आणखी वर डोळे, नाक, आणि केसांचा वळणदार भांग. चित्रकाराने या खुणा तुमच्यासाठी ठेवल्या आहेत. एकदा हात सापडले की माणूस बसलेला आहे हे कळतं, आणि मग सगळं चित्र त्या हातांभोवती उभं राहतं. या टप्प्यात रंग जवळजवळ का सोडला, हेही लक्षात येईल. एवढ्या कोनांमध्ये रंग आला असता तर नजर भरकटली असती.

१९१२ मध्ये वळण येतं. पिकासोने वेताच्या विणीचं छापील चित्र असलेलं मेणकापड एका चित्रावर चिकटवलं आणि चौकटीच्या जागी दोरखंड लावला. ब्राकने चित्रात भिंतीचा कागद चिकटवला. खरी वस्तू, तिचं छापील चित्र आणि हाताने काढलेलं चित्र एकाच पृष्ठावर आलं. कोलाज हा शब्द आज शाळेतही वापरतात. कलेत तो आला तो इथून, आणि त्याचे परिणाम अजून संपलेले नाहीत.

पिकासोचं ‘गेर्निका’ घनवादाचा तो काळ सरल्यावरचं, १९३७ चं. स्पेनच्या बास्क प्रदेशातल्या याच नावाच्या गावावर २६ एप्रिलला बॉम्बहल्ला झाला. चित्र पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात स्पेनच्या दालनासाठी झालं. साडेतीन मीटर उंच, पावणेआठ मीटर रुंद, फक्त काळा-पांढरा-करडा. क्युबिझमची भाषा शिकून मग ते पाहिलं की मोडलेले आकार ही शैली राहत नाही, ती मोडलेली शरीरं होतात.

इटलीतले भविष्यवादी याच सुमाराचे. त्यांचा म्होरक्या, कवी मारिनेत्ती, याचा जाहीरनामा २० फेब्रुवारी १९०९ ला पॅरिसच्या ‘ल फिगारो’ या वृत्तपत्रात छापून आला. त्यांना वेग हवा होता. बाल्लाच्या १९१२ च्या चित्रात साखळीला बांधलेल्या कुत्र्याचे पाय पंख्यासारखे अनेक झालेत. यंत्र आणि युद्ध यांचं त्यांनी केलेलं गौरवीकरण मला पटत नाही, पण बोच्चोनीचं १९१३ चं चालत्या माणसाचं शिल्प जरूर पाहा.

पायरी ६ : वस्तूच नाहीशी होते

अमूर्त चित्रांपाशी नवखा प्रेक्षक ‘हे कशाचं चित्र आहे?’ विचारतो आणि अडतो. प्रश्न बदला: इथे जड काय आहे, हलकं काय? नजर आधी कुठे जाते, मग कुठे?

दोन वाटा ओळखता आल्या तरी खूप झालं. एक कँडिन्स्कीची: वाहते रंग, उसळत्या रेषा, संगीताच्या अंगाने जाणारी. दुसरी भूमितीची. मालेविच या रशियन चित्रकाराने १९१५ मध्ये पेट्रोग्राडच्या प्रदर्शनात ‘काळा चौरस’ खोलीच्या वरच्या कोपऱ्यात टांगला, रशियन घरात जिथे देवाची प्रतिमा ठेवत तिथे. छापील प्रतिकृतीत तो नुसता काळा ठोकळा दिसतो. मोठा करून पाहिलात तर कडा पूर्ण सरळ नाहीत, रंगाला तडे गेले आहेत. तो हाताने रंगवलेला आहे, आणि ते दिसणं महत्त्वाचं आहे.

या दोघांच्याही आधी, १९०६ पासून, स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंट अमूर्त चित्रं करत होत्या. १९०७ ची त्यांची ‘सर्वांत मोठी दहा’ ही मालिका तीन मीटरहून उंच आहे. ही चित्रं बराच काळ जगापुढे आलीच नाहीत, त्यामुळे अनेक जुन्या पुस्तकांत त्यांचं नाव नाही. तुमच्या वहीत ते असू द्या.

पायरी ७ : दादा आणि अतिवास्तववाद

पहिल्या महायुद्धात, फेब्रुवारी १९१६ मध्ये, झ्युरिकच्या ‘काबारे व्होल्तेर’मध्ये दादा ही कलाचळवळ सुरू झाली. ज्या सुसंस्कृत जगाने ही कत्तल घडवली त्याच्या तर्कावर आणि सौंदर्यकल्पनांवर या कलावंतांचा विश्वास उरला नव्हता. मार्सेल द्युशाँने १९१७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनाला चिनी मातीची मुतारी ‘फाउंटन’ या नावाने, ‘आर. मट’ अशी सही करून पाठवली. प्रवेशशुल्क भरणाऱ्या प्रत्येकाचं काम लावायचा नियम असूनही ती दाखवली गेली नाही. मूळ वस्तू हरवली. संग्रहालयांत आहेत त्या नंतरच्या प्रती. इथे हातकौशल्य पूर्ण सोडलं, निवड हीच कृती ठरली. ती सुंदर आहे का असं विचारत बसू नका. बर्लिनच्या हाना होखची छायाचित्रांच्या कात्रणांची चित्रंही पाहा. आजच्या डोळ्याला ती चटकन भिडतात.

१९२४ मध्ये आंद्रे ब्रतों या फ्रेंच कवीने अतिवास्तववादाचा, म्हणजे सर्रिअलिझमचा, जाहीरनामा लिहिला. दादाने मोडलं, यांना स्वप्न आणि सुप्त मन यांच्याकडे जायचं होतं. दोन तऱ्हा दिसतात: मिरोसारखे, हाताला मोकळं सोडणारे, आणि दाली, माग्रीतसारखे, अशक्य दृश्य अगदी काटेकोर रंगवणारे. दालीची वितळती घड्याळं (१९३१) जेमतेम २४ बाय ३३ सेंटीमीटरची आहेत, हे कळल्यावर ते चित्र माझ्यासाठी बदललं. ती भव्य कल्पना नाही. डोळे जवळ नेऊन पाहायचं, खाजगी स्वप्न आहे. कुठल्याही चित्राचं माप आधी वाचायची सवय लावा.

पायरी ८ : न्यूयॉर्क, आणि त्यानंतर

दुसऱ्या महायुद्धात अनेक युरोपीय कलावंत न्यूयॉर्कला आले आणि १९४० च्या दशकात तिथे अमूर्त अभिव्यक्तिवाद आकाराला आला. जॅक्सन पोलॉकने कापड जमिनीवर पसरून, भोवती फिरत, घरगुती एनॅमल रंग ओघळवले. ‘ऑटम ऱ्हिदम’ (१९५०) पाच मीटरहून रुंद आहे. एक रेष निवडा आणि ती जाड कुठे होते, बारीक कुठे, ते पाहत जा. हात कुठे थबकला आणि कुठे धावला हे वाचता येतं. मार्क रॉथ्कोचे रंगाचे आयत याच्या अगदी उलट, स्थिर. ते प्रेक्षकाने अगदी जवळून, हातभर अंतरावरून पाहावेत असं त्याचं म्हणणं होतं. रॉथ्को मोबाइलवर पाहून मत बनवू नका, हे मी आग्रहाने सांगेन. कडा डोळ्यांच्या टप्प्याबाहेर गेल्याशिवाय ते चित्र सुरूच होत नाही.

त्यापुढचं झटपट. पॉप आर्टने जाहिरात आणि छापील जग चित्रात आणलं: वॉरहॉलच्या सूपच्या डब्यांची ३२ चित्रं (१९६२), लिख्टेनस्टाइनचे कॉमिकमधले ठिपके. मिनिमलिझमने भावना आणि हाताची खूणही काढून टाकली. डोनाल्ड जडच्या पेट्यांसमोर तुमचं चालणं आणि खोलीतला उजेड हाच अनुभव असतो. संकल्पनात्मक कलेत वस्तूही दुय्यम ठरली. जोसेफ कोसुथच्या १९६५ च्या कामात एक खुर्ची, तिचं छायाचित्र आणि शब्दकोशातली ‘खुर्ची’ची नोंद शेजारी ठेवली आहे.

पायरी ९ : नावपाटी झाकून पाहा

मोठ्या संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर चित्रं सालानुसार निवडता येतात. १९०० ते १९३० एवढा काळ घ्या, माहिती झाका आणि प्रत्येक चित्राला तेच दोन प्रश्न विचारून अंदाज लिहा. मग साल उघडा.

अंदाज चुकतील, आणि त्याचं एक खरं कारण आहे. या शैली रांगेत एकामागून एक उभ्या नव्हत्या. सर्रिअलिझमचा जाहीरनामा निघाला तेव्हा मोने अजून कमळांचं तळं रंगवत होता. तो १९२६ मध्ये वारला. पिकासोने तर १९२१ च्या एकाच उन्हाळ्यात फाँतेनब्लोला ‘तीन वादक’ हे घनवादी चित्र केलं आणि ‘झऱ्यावरच्या तीन स्त्रिया’ हे ग्रीक शिल्पांसारखं भरीव चित्रही. दोन्ही न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहेत. पहिला सराव या जोडीवर करा: दोन्हींतले फक्त हात पाहा, आणि कोणत्या चित्रात काय सोडलंय ते वहीत लिहा.